गप्प बसणारी वायर : कोल्हापूरचा हात आणि गाडी चार्ज करायची घरगुती जोडवायर



इतिहासाचं व्याख्यान म्हणून आलात आणि विषय काय, तर दोन हात लांबीची वायर. पण आज आम्ही त्या वायरीबद्दलच बोलणार आहोत. एका टोकाला पाच अँपिअरचा साधा तीन पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला लाकडी किंवा प्लास्टिकच्या डबीवर बसवलेलं पंधरा अँपिअरचं सॉकेट, मध्ये वायर. दुकानात तयार मिळतो त्याला कन्व्हर्जन प्लग म्हणतात. पण पुष्कळदा ही वायर गल्लीतला वायरमन किंवा घरातलाच हौशी माणूस जोडतो. कारण घरी इलेक्ट्रिक गाडी आलेली असते, गाडीच्या चार्जरचा प्लग जाडा असतो आणि जुन्या घराच्या दारात जे सॉकेट असतं ते बारीक असतं. मग "त्यात काय अवघड आहे, करून देतो की" असं म्हणून ती वायर तयार होते.

ही वायर करणाऱ्याला आम्ही अडाणी म्हणणार नाही. आमचं म्हणणं असं आहे की तो आपल्या गावच्या एका फार चांगल्या परंपरेतला माणूस आहे. अडचण एवढीच की ती परंपरा लोखंडावर तयार झाली आणि वीज लोखंडासारखी वागत नाही. हा फरक समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

डोळ्यानं आणि कानानं शिकलेलं गाव

कोल्हापूरच्या कारागिरीचा विषय निघाला की बाबूराव पेंटरांचं नाव येतंच. मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी आणि आनंदराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः करायचं मनावर घेतलं. परदेशी यंत्र उघडायचं, बघायचं, समजून घ्यायचं आणि तसं घडवायचं, ही पद्धत. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना घेऊन काम पुढे नेलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार केला. 'सैरंध्री' १९२० साली आला. कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात न गेलेल्या लोकांनी केलेलं हे काम आहे.

पुढं शेतावर ऑइल इंजिनं आली. शेजारी सांगलीकडे किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिलेली होती. यंत्र बाहेरून आलं तरी त्याचा सुटा भाग वेळेवर मिळेल याचा भरवसा नसे. ऊस वाळत असताना पिस्टनसाठी महिनाभर कोण थांबणार? मग मोडलेला भाग शिवाजी उद्यमनगरात यायचा, साचा व्हायचा, ओतकाम व्हायचं, लेथवर चढायचा आणि शेतकरी तो घेऊन जायचा. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींमधून देशभरातल्या वाहन कंपन्यांना कास्टिंग जातात, त्याचं मूळ या सवयीत आहे.

या परंपरेत माणूस शिकतो कसा, ते बघा. इंजिनाचं बेअरिंग चुकीचं बसलं तर ते वाजतं. पॅकिंग नीट नसलं तर तेल गळतं. टॅपेटचा आवाज बदलला की जुना मेस्त्री शेडच्या बाहेरूनच सांगतो. कॅमेऱ्याची फिल्म नीट सरकली नाही तर पडद्यावर चित्र उडतं. म्हणजे चूक झाली की वस्तू बोलते, आणि बोलते म्हणून दुरुस्ती होते. करून बघ, चालू कर, ऐक, परत उघड. आपल्या गावचं सगळं शहाणपण या चक्रातून आलेलं आहे.

वीज या चक्रात बसत नाही. चुकीची जोडलेली वायरही दिवा लावते, पंखा फिरवते, गाडी चार्ज करते. अर्थिंग नसलेलं मशिन वर्षानुवर्षं चालतं. वायर बरोबर असली तरी गप्प आणि चुकीची असली तरी गप्प. बोलते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पिनांची जाडी म्हणजे काय

म्हणून ज्या समाजांनी वीज आधी घरात घेतली, त्यांना वीज बोलेल अशी सोय करावी लागली. प्लगचा इतिहास हा त्या सोयीचा इतिहास आहे.

सुरुवातीला घरात वीज यायची ती फक्त दिव्यासाठी. भिंतीत सॉकेट नसायचंच. इस्त्री किंवा पंखा लावायचा तर दिव्याच्या होल्डरमधूनच. अमेरिकेत हार्वे हबेल यांनी १९०४ साली काढता-घालता येणाऱ्या प्लगचं पेटंट घेतलं, तोही दिव्याच्या होल्डरमध्ये फिरवून बसवायच्या जोडणीसकट. म्हणजे जगातल्या पहिल्या प्लगांपैकी एक हा मुळात अडॅप्टरच होता! आपल्याकडेही होल्डरला अडकवून इस्त्री चालवणारी घरं इथं बसलेल्यांपैकी काहींनी पाहिलेली असतील.

इंग्लंडमध्ये दिव्याची वीज आणि पॉवरची वीज यांचे दर वेगळे होते, मीटरही वेगळी असायची. आपल्याकडे अनेक शहरांत तीच पद्धत आली. दिव्याच्या वायरी बारीक, पॉवरच्या जाड. जुन्या वायरमनच्या भाषेत 'तीन-बावीस' आणि 'सात-वीस', म्हणजे किती तारा आणि कुठल्या गेजच्या. ब्रिटिश मानक बी.एस. ५४६ हे १९३४ चं. त्यात गोल पिनांचे प्लग ठरले. पाच अँपिअरच्या प्लगची पिन साधारण ५ मिलिमीटर जाडीची, पंधराची साधारण ७ मिलिमीटरची. जाडा प्लग बारीक सॉकेटात जाऊ नये, हाच हेतू.

इथं जरा थांबू. पिनेची जाडी हे एक वाक्य आहे. पंधराचं सॉकेट भिंतीतून सांगत असतं, "माझ्या मागची वायर पंधरा अँपिअर सोसेल." पाचचं सॉकेट सांगतं, "माझ्याकडून जास्त मागू नका." बोलता न येणाऱ्या वायरीच्या वतीनं पितळेच्या भोकानं दिलेला तो शब्द आहे.

तिसरी पिन बघा. ती इतरांपेक्षा जाड आणि लांब. लांब अशासाठी की प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा. तिच्यातून रोज काहीच वाहत नाही. ज्या दिवशी फेज मशिनच्या पत्र्याला लागेल, त्या दिवशी तो प्रवाह माणसाच्या हातातून न जाता जमिनीत जावा, म्हणून ती उभी असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये घरं नव्यानं बांधायची होती आणि तांबं महाग. १९४७ साली त्यांनी चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला, त्याच्या पोटातच फ्यूज. तेव्हापासून तिथं सगळ्या कामांना एकच प्लग. आपण त्याच वर्षी स्वतंत्र झालो आणि गोल पिनांवरच राहिलो. पाच-पंधराचे पुढे सहा-सोळा झाले, पण मोठा आणि लहान असे दोन आकार टिकले. इंग्लंडमध्ये मर्यादा प्लगच्या पोटातल्या फ्यूजकडे गेली, आपल्याकडे ती अजून पिनेच्या जाडीतच आहे. आपल्या बोर्डावर दोन्ही भोकांचं 'पाच-पंधरा' सॉकेट असतं ना, त्यात लहान प्लग मोठ्या वायरीवर जातो. मोठ्याच्या घरात धाकटा राहिला तर चालतं. घरगुती जोडवायर नेमकं उलटं करते, थोरल्याला धाकट्याच्या खोलीत कोंबते.

या खुणा न ऐकायची सवय आपल्याला फार आधीपासून आहे. तीन भोकांच्या सॉकेटात टू-पीन बसत नसेल तर वरच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून झडप उघडायची, हे कुणी शिकवावं लागत नाही.

शिवारातला जुना वाद

घराबाहेर, शिवारात हीच गोष्ट मोठ्या मापात घडली. राधानगरीला शाहू महाराजांनी धरणाचं काम सुरू केलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, आणि त्याच्या पायथ्याला वीजघर झालं. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० ला स्थापन झालं. कोयनेची वीज १९६० च्या दशकात सुरू झाली. पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठानं उपसा सिंचनाच्या मोटारी बसल्या आणि इंजिनाचा मेस्त्री मोटारीचा मेस्त्री झाला.

आता शेतकऱ्याची बाजू बघा. वीज रात्री येणार, कधी येईल सांगता येत नाही, विहीर किंवा नदी घरापासून लांब, वाटेत साप-विंचू. मग स्टार्टरला 'ऑटो स्विच' लागला. वीज आली की मोटार आपोआप सुरू. एकट्या शेतकऱ्यासाठी उत्तम युक्ती! पण एका डीपीवर वीस-तीस मोटारी असतात. वीज आल्या क्षणी सगळ्या एकदम उठतात, सुरू होताना मोटार कितीतरी पट प्रवाह ओढते आणि डीपी जळतो. मग आठ दिवस कुणालाच पाणी नाही. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय.

दुसरी युक्ती 'किटकॅट'ची. फ्यूज सारखा उडतोय म्हणून त्यात जाडी तार गुंडाळायची. फ्यूज उडतो तेव्हा तो "नको" म्हणत असतो. आपण त्याचं तोंड बंद करतो आणि म्हणतो, दुरुस्त झालं. घरात किटकॅटच्या जागी एमसीबी आले तरी सवय तीच. सहाचा पडतोय? सोळाचा बसवा. मागची वायर तीच, तीस वर्षांपूर्वीची.

या युक्त्यांच्या मुळाशी खरी गरज होती, हे आम्हाला पुन्हा सांगावंसं वाटतं. ज्याचा ऊस वाळतोय त्याला नियम शिकवणं सोपं असतं. पण प्रत्येक वेळी गरज भागली ती 'नको' म्हणणारी वस्तू गप्प करून.

गाडी प्रश्न विचारते

इलेक्ट्रिक गाडी ही काही आजची गोष्ट नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ती चांगली रुळली होती. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉईट इलेक्ट्रिक चालवत. तेव्हा घरी चार्जिंगसाठी पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर, म्हणजे काचेच्या मोठ्या फुग्यासारखं यंत्र गॅरेजात बसवावं लागे. आपल्या जवळ फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी २००० च्या सुमारास इलेक्ट्रिक रिक्षा करून दाखवली. बंगळूरची रेव्हा २००१ ला बाजारात आली, ती घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज व्हायची. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आली. ३०.२ युनिटची बॅटरी, आणि सोबत घरच्या पंधराच्या सॉकेटला लावायची वायर. तिथून आपल्या पेठांमध्ये हा प्रश्न उभा राहिला.

हिशेब साधा आहे. पंधरा अँपिअर गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वॅट. बॅटरी पूर्ण भरायला नऊ-दहा तास. इस्त्री दहा मिनिटं चालते, गीझर वीस मिनिटं. रात्रभर सलग एवढा भार ओढणारी दुसरी वस्तू आपल्या घरात कधी नव्हतीच. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाचच्या जागी पंधरा अँपिअर म्हणजे तिप्पट प्रवाह आणि नऊपट उष्णता. त्यात सॉकेटची पकड जरा सैल असेल, जोडात एक दशांश ओहमचा अडथळा असेल, तर त्या एका जागी साडेबावीस वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते. म्हणजे आपण भिंतीतल्या प्लास्टिकच्या बोर्डात सोल्डरिंग आयर्न खुपसून, ती चालू ठेवून, झोपायला जातो. आणि पेठेतल्या जुन्या घरात लाकडी पट्टीवरचं वायरिंग अजून सापडतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती जाड-बारीक वायरीची गोष्ट झाली असती. पण गाडीच्या चार्जिंगमध्ये एक नवी गोष्ट आली. गाडीला जोडायच्या टोकात फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्याशिवाय आणखी बारीक तारा असतात. त्यांतली एक संभाषणाची. भिंतीकडच्या डबीतून तिच्यावर बारा व्होल्टचा, सेकंदाला हजार वेळा वर-खाली होणारा संकेत जातो. गाडी तो आपल्या रेझिस्टरनं खाली ओढते आणि सांगते, "मी जोडली गेले आहे, तयार आहे." डबी सांगते, "किती घ्यायचं ते ऐक." संकेत शंभरातला जितका भाग वर राहतो, त्याला ०.६ नं गुणलं की अँपिअर मिळतात. पंचवीस टक्के असेल तर पंधरा अँपिअर. हे ठरेपर्यंत वायरीत वीज सोडलीच जात नाही. आणि अनेक चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग आहे का, तेही तपासतात. नसेल तर लाल दिवा आणि काम बंद.

म्हणजे ज्या गप्प बसणाऱ्या वायरीबद्दल आम्ही मघापासून बोलतोय, तिला अखेर तोंड फुटलं. ती विचारते : तुझ्या घराला जमिनीशी जोड आहे का?

आणि आपण काय केलं? घरगुती वायरीची दुसरी, जास्त वाईट जात तयार केली. अर्थिंगचा लाल दिवा लागतोय ना, मग प्लगच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करायचे. चार्जरला वाटतं अर्थ सापडला. हिरवा दिवा लागतो, गाडी चार्ज होते, सगळे खूष. शेतावरच्या जनित्रावर, लग्नाच्या हॉलमध्ये, जुन्या वाड्यात, "हे लाव, चालतंय बघ" म्हणून ही वायर हातोहात फिरते.

तिनं काय होतं ते नीट ऐका. त्या घरात कुणीतरी कधीतरी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील, आणि जुन्या घरात ते सर्रास असतं, तर प्लग लावल्या क्षणी गाडीच्या सगळ्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात. जोडणी बरोबर असली तरी पुढं कुठंतरी न्यूट्रल तुटला की तोच प्रकार. गाडी रबरी टायरांवर उभी, तिचा जमिनीशी संबंध नाही. पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणारा माणूस हाच मग अर्थिंगची तार होतो. आपल्याकडे पाऊस कसा असतो ते सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पूर इथल्या प्रत्येकानं पाहिलाय.

किटकॅटमधली जाडी तार 'नको' म्हणणाऱ्याला गप्प करत होती. ही वायर त्याच्या तोंडून खोटं 'हो' वदवून घेते. ऑटो स्विचपासून इथपर्यंतच्या प्रवासात आम्हाला हा टप्पा वेगळा आणि जास्त गंभीर वाटतो.

मग करायचं काय

व्याख्यान संपल्यावर हा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच उत्तर देतो. जोडवायर हा शब्द वाईट नाही. भारत सरकारनं २०१७ साली सुचवलेल्या एसी चार्जरवर कारखान्यात असतात तसे निळे औद्योगिक सॉकेट होते. तिथं पंधराच्या प्लगची गाडी लावायला जोडवायर लागायची, आणि ती रास्त होती. दोन्ही टोकं सारख्या ताकदीची, मधली वायर पुरेशी जाड, अर्थ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. तिथं आकार बदलतो, पण भिंतीनं दिलेला शब्द मोडत नाही. दुचाकींसाठी तर एक भारतीय कनेक्टर २०२३ मध्ये मानक म्हणून मंजूरही झालाय. सगळ्यांनी तो वापरला तर निम्म्या जोडवायरींची गरजच उरणार नाही.

घरासाठी मात्र उत्तर वायरीत नाही, भिंतीत आहे. मीटरपासून गाडीसाठी स्वतंत्र लाईन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्या मापाचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा शेवटचा डबा फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का ते बघतो, आणि फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. बिलावर मंजूर भार किती आहे तेही पाहा. एक-दोन किलोवॅटच्या मंजुरीवर सव्वातीन किलोवॅटची गाडी चालवायची नसते, महावितरणकडे भार वाढवून घ्यायचा असतो. आणि अर्थिंग. खड्डा, त्यात पाईप किंवा प्लेट, कोळसा आणि मिठाचे थर. उन्हाळ्यात जमीन वाळली की त्यात पाणी ओतायचं. आमच्या आधीच्या पिढीतले वायरमन हे न चुकता सांगत, आणि आपण ते आजोबांच्या इतर सूचनांसारखंच विसरलो.

हे सगळं भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, गाडी रस्त्यावर लावणाऱ्याला जमणार कसं? हा प्रश्न खरा आहे. खिडकीतून खाली सोडलेली वायर बघून आम्हाला राग येत नाही, त्या माणसाची अडचण दिसते. पण त्याचं उत्तर पेठेतल्या सामायिक चार्जिंगच्या जागा, गृहनिर्माण संस्थांच्या पार्किंगमधल्या लाईनी, यांत शोधायला हवं. प्लगच्या पोटात ते लपवता येणार नाही.

शेवटचं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. बाबूरावांनी परदेशी यंत्र उघडून पाहिलं तेव्हा त्यांनी प्रत्येक चाक कशासाठी आहे हे आधी समजून घेतलं. 'हे दात कशाला लागतात, काढून टाका' असं म्हटलं असतं तर कॅमेरा झाला नसता. आपल्या गावची कारागिरी ही आहे. प्लगमधली तिसरी पिन कशासाठी आहे आणि गाडीतली ती बारीक तार काय विचारते, हे समजून घेऊन जो हात काम करेल, तो या परंपरेतला. उद्यमनगरात असे हात भरपूर आहेत. अर्थिंग तपासून देणारं स्वस्त, भरवशाचं यंत्र इथं तयार झालं, घरोघरच्या वायरमनच्या पिशवीत टेस्टरशेजारी ते जाऊन बसलं, तर आम्हाला आजच्या बोलण्याचं चीज झालं असं वाटेल. टेस्टर फक्त फेज दाखवतो, अर्थ दाखवत नाही, हे जाताना लक्षात ठेवा. घरी गेल्यावर आपल्या बोर्डाची तिसरी पिन खरंच कुठं जाते, ते जाणत्या वायरमनला एकदा विचारून बघा.